महूजवळच्या ३ एकरांत झाडं लावून तिथेच गाई-शेळ्या चारता येतील का?

येतील, पण शेळ्यांना घाई नको. गाय गवत खाते. शेळी आधी शेंडा खुडते आणि मग साल सोलते. पहिली दोन-तीन वर्षं जनावरं आत सोडूच नका, चारा कापून गोठ्यात घाला. झाडाचा शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर गेला की आधी गाई सोडा. शेळ्या शेवटी, त्याही राखण असेल तरच.

ओळींमध्ये सात-आठ मीटर मोकळे ठेवा, म्हणजे गवताला ऊन मिळतं. बाभूळ, शिरीष, सुबाभूळ चालतील. सुबाभळीत मिमोसिन नावाचं, जनावरांना बाधणारं द्रव्य असतं, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ती नकोच. खाली अंजन गवत लावा, मात्र पाणी तुंबतं तिथे ते टिकत नाही.

आपल्या माळव्याची काळी माती पावसात खुरांनी दबते, त्यामुळे भर पावसात चराई बंद. इतर वेळी तुकडे पाडून पाळीपाळीने चारा. कुंपणात मात्र काटकसर नको, रोप वाचलं तर बाकीचं! गवताच्या बियाण्यासाठी झाशीच्या गवत व चारा संशोधन संस्थेत विचारा.