एक्सआरएफ गन मीठ नाही, क्लोरीन मोजते

समुद्राजवळच्या वीजवाहिनीवरचे डिस्क इन्सुलेटर (तारेला खांबापासून अलग ठेवणाऱ्या चकत्या) धुऊन ईएसडीडी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर किती मिठाइतका थर बसलाय तो आकडा, काढण्याऐवजी हँडहेल्ड एक्सआरएफ गन, म्हणजे एक्स-रे मारून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्य ओळखणारं हातातलं यंत्र, लावून थेट आकडा घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण धुण्यातून पूर्ण सुटका नाही.

आधी सोडियमचा नाद सोडा. त्याचा किरण जेमतेम १.०४ केईव्हीचा (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं एकक), एक सेंटिमीटर हवेतच जवळपास सगळा विरतो. क्लोरीनचा २.६२ केईव्हीचा, तेवढ्याच हवेत साधारण पाव हिस्सा जातो. म्हणजे मोजायचं क्लोरीन आणि त्यावरून अंदाज बांधायचा मिठाचा. डिस्कच्या खालच्या कड्यांमध्ये गनचं नाक नीट टेकत नाही, आणि थोडी फट राहिली तरी आकडा घसरतो. गनमधली एक्स-रे ट्यूब र्‍होडियमची असेल तर तिच्या स्वतःच्या किरणाची रेषा २.७० केईव्हीला, क्लोरीनला अगदी खेटून येते. त्यामुळे स्वच्छ डिस्कवरचं ब्लँक रीडिंग घेतल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका.

खरी मेहनत कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या मिठावर गनचा आकडा जुळवून घेण्यात आहे. मोजून घेतलेलं मिठाचं पाणी नुसतं थेंबाथेंबाने सोडून वाळवलं, तर मीठ थेंबाच्या कडेला गोळा होतं, पांढरी बारीक वर्तुळं दिसतात. गनची खिडकी वर्तुळावर आली की एक आकडा, मधे आली की भलताच. मी मिठाच्या पाण्यात केओलिन (पांढरी बारीक चिकणमाती) कालवून पातळ थर देतो, तो बराच एकसारखा बसतो. शेवटी मात्र लाइनवरून उतरवलेल्या डिस्कवर गनचं रीडिंग घ्यायचं, तोच भाग डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) मोजून ती २० अंश सेल्सिअसला दुरुस्त करून ईएसडीडी काढायचं आणि दोन्ही आकडे एका ग्राफवर मांडायचे. अशा जोड्या भरपूर जमल्या की मगच तुमच्या त्या जागेसाठी गनला बोलायचा अधिकार येतो.

०.१ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर मीठ म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा थर, तिथे आकडा सरळ रेषेत वाढतो. पण सोबत धूळ जाड असेल तर ती क्लोरीनचा किरण गिळते आणि मीठ कमी दिसतं. दमट हवेतही तेच होतं. साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर मीठ पाणी ओढून विरघळतं, म्हणून थर कोरडा असतानाच मोजा.

एका बाबतीत मात्र मी गनलाच झुकतं माप देतो. कारखान्यांजवळ जिप्समची (कॅल्शियम आणि गंधक असलेल्या क्षाराची) धूळ बसते. भरपूर पाण्यात धुतलं की ती विरघळते आणि ईएसडीडी फुगतं, पण धुक्याच्या पातळ ओलीत त्यातलं फार थोडं विरघळतं. धुवून मिळणारा एकच आकडा हा फरक दाखवत नाही. गनवर गंधक आणि कॅल्शियम वेगळे उभे राहतात.

लाइन बंद करून ती जमिनीला जोडल्यावरच (अर्थ केल्यावरच) वर चढा, आणि हातमोजे नायट्राइलचे घाला. व्हिनाइल मोज्यात आणि पीव्हीसी टेपमध्ये क्लोरीन असतंच. खिडकीसमोर त्यांचं टोक जरी आलं तरी स्वच्छ डिस्क खारट दिसते.