फांदीची साल गोल सोलली तरी वरची पानं का सुकत नाहीत?

कारण पाणी सालीतून चढतच नाही. ते आतल्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर जातं आणि साल काढताना लाकडाला धक्का लागत नाही. पानांतून बाष्प उडालं की पाण्याची अखंड धार वर ओढली जाते. झाडाला पंप लागत नाही.

सालीच्या आतल्या थरात असतात रसवाहिन्या. पानांत तयार झालेली साखर त्यांतून मुळांकडे येते. ती वाट तुटली की साखर कापाच्या वर तुंबते. डाळिंबाची गुटी (फांदी झाडावरच असताना तिला मुळं फुटवायचं कलम) बांधून बघा: दोन-अडीच सेंटिमीटर साल काढायची, खालचा बुळबुळीत थर खरवडायचा (इथे आळस केला की साल पुन्हा जुळते, माझ्या पहिल्या दोन गुट्या अशाच वाया गेल्या), ओलं मॉस (शेवाळ) लावून प्लास्टिक घट्ट बांधायचं. काही आठवड्यांनी वरचा काठ सुजतो आणि पांढरी मुळं त्याच काठातून फुटतात, खालच्या नाही. ही सूज इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी 17व्या शतकातच टिपली होती.

मुख्य खोडाची साल मात्र अशी चुकूनही काढू नका. मुळांची उपासमार होते आणि झाड सावकाश मरतं.

नारळ-ताडाला हे लागू नाही, त्यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात. बाकी आपण पितो ती गोड नीरा म्हणजे हाच साखरेचा रस, फुलोऱ्याकडे निघालेला, वाटेतच अडवलेला.