वाचकांचे प्रश्न : ग्रीक देव आजच्या शहरात

या महिन्यातील बरीच पत्रे एकाच प्रकारच्या पुस्तकांविषयी आहेत. झ्यूस, पोसायडन, अथेना हे ग्रीक देव आजच्या शहरांत वावरतात, त्यांची अर्धमानव मुले शाळेत जातात, परीक्षेत गटांगळ्या खातात, राक्षसांशी झुंजतात आणि वाचकाला पानोपानी हसवतात, अशा या कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्या आहेत. त्यांतील काही पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ग्रीक देवांवरील या विनोदी कादंबऱ्यांचा तिने फडशा पाडला आहे. त्यांत देव भांडतात, फुशारक्या मारतात, स्वतःच्या मुलांना विसरतात. देव कोणाचेही असोत, त्यांची अशी टर उडवलेली मुलांनी वाचावी, हे मला पटत नाही. ही मूळ कथांची विटंबना नाही का?
— एक पालक, फोंडा

उत्तर : आपली काळजी मला समजते. परंतु ग्रीक देवांवर हसण्याची सुरुवात आजच्या लेखकांनी केलेली नाही, ती ग्रीकांनीच केली, आणि तीही देवाच्या उत्सवात. इसवी सनपूर्व ४०५ मध्ये अथेन्समध्ये ॲरिस्टोफेनिस या नाटककाराचे ‘बेडूक’ हे प्रहसन झाले. ज्या डायोनायसस या मद्यदेवाच्या उत्सवात ते सादर झाले, तोच देव त्या नाटकाचा नायक आहे आणि पहिल्या प्रवेशापासून त्याची फजितीच चालली आहे. केशरी वस्त्रावर सिंहाचे कातडे पांघरून, आपण महाबली वीर हेराक्लीस असल्याचा आव आणून तो मृतांच्या लोकी निघतो. वाटेत कोणत्या खाणावळीत ढेकूण कमी आहेत, याचीही तो आधी चौकशी करून ठेवतो. पुढे भुताच्या नुसत्या चाहुलीने त्याची गाळण उडते, तेव्हा तो प्रेक्षकांत बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याला हाक मारून ‘मला वाचव’ म्हणतो. या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले.

हे अथेन्स देवधर्माबाबत बेफिकीर होते, असे मात्र समजू नये. त्यानंतर सहाच वर्षांनी, इसवी सनपूर्व ३९९ मध्ये, नगराच्या देवांना न मानण्याचा आरोप ठेवून याच नगराने तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. म्हणजे श्रद्धा इतकी जागृत असलेले लोकही उत्सवातल्या रंगमंचावर देवाची फजिती पाहून मनमुराद हसत होते आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ल्युशियन या लेखकाने देवांचे छोटे विनोदी संवाद लिहिले. त्यांतल्या एकात देवांचा दूत हर्मीस आपल्या आईपाशी गाऱ्हाणे मांडतो की, पहाटे उठून देवांची भोजनशाला झाडायची, दिवसभर निरोप पोहोचवायचे आणि रात्री सगळे झोपले की मृतांना पाताळात न्यायचे, मग मी झोपायचे तरी केव्हा? आजच्या कादंबरीतला कामाने पिचलेला हर्मीस अठराशे वर्षांपूर्वीच्या या हर्मीसचाच वंशज आहे.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. पेडण्याकडे जत्रेत दशावतारी काला बसतो, तेव्हा देवळासमोरच काळ्या वेशातला संकासुर येतो, वेद पळवतो आणि मालवणीत भटजींची यथेच्छ थट्टा करतो. त्याचा वध होईपर्यंत आजीपासून नातवापर्यंत सगळे हसत असतात आणि त्याच रात्री तितक्याच भक्तिभावाने देवाला हातही जोडतात. म्हणून आपल्या मुलीला ही पुस्तके जरूर वाचू द्यावीत, असे मी म्हणेन. त्यांतली कसदार कोणती आणि पोकळ कोणती, हे मात्र पाहायला हवे. चांगल्या पुस्तकात देव हास्यास्पद दिसला तरी त्याची शक्ती आणि त्याचा कोप कमी होत नाही, त्यामुळे हसता हसता वाचक सावध राहतो. पोकळ पुस्तकात देव केवळ विदूषक होतो, आणि मग त्याच्याशी लढण्यात नायकाचाही काही पराक्रम उरत नाही.

प्रश्न : या कादंबऱ्यांत मेड्युसा बहुधा खलनायिका असते. तिचे केसांतले साप आणि दगडी पुतळ्यांचे तिचे दुकान यांवर विनोद केलेले असतात. तिची मूळ कथा वाचल्यापासून मला ते खटकू लागले आहे. माझे काही चुकते आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : मुळीच नाही. फक्त ‘मूळ कथा’ एक नाही, हे ध्यानात घ्यावे. इसवी सनपूर्व सातशेच्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने देवांची वंशावळ सांगितली. तीत मेड्युसा ही तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटी मर्त्य आहे. कोवळ्या हिरवळीवर सागरदेव पोसायडनशी तिचा समागम झाला आणि पुढे पर्सियस या वीराने तिचा शिरच्छेद केला, एवढेच तेथे येते. आपल्याला अस्वस्थ करणारी कथा बहुधा रोमन कवी ओविडची असावी. ती इसवी सन ८ च्या आसपासची, म्हणजे सातशे वर्षांनंतरची आहे. तीत मेड्युसा सुंदर तरुणी आहे. मिनर्व्हाच्या, म्हणजे ग्रीकांच्या अथेनाच्या, मंदिरात सागरदेव तिच्यावर अत्याचार करतो आणि शिक्षा मात्र तिलाच होते, तिचे सुंदर केस साप होतात.

कुमारांसाठी लिहिणाऱ्याने यांपैकी कोणती मेड्युसा घ्यावी, हे त्याचे स्वातंत्र्य आहे, आणि पुतळ्यांच्या दुकानाची कल्पना खरोखरच चतुर आहे, कारण पाहणाऱ्याचा दगड करण्याचे तिचे सामर्थ्य त्यात एका दमात कळते. परंतु ओविडची मेड्युसा घेऊन वर तिच्या रूपाची थट्टा करणे मला निखालस अन्यायाचे वाटते. तेथे लेखकाने हसणे थांबवले पाहिजे. आपल्याला खटकले, यात वाचक म्हणून आपली जाण दिसते.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, आहे. या मालिकांमधल्या नायकालाही तो असतो, असे ऐकले. त्याला ही पुस्तके द्यावीत का?
— एक आई, वास्को

उत्तर : जरूर द्यावीत. या प्रकारातील सर्वांत गाजलेली मालिका रिक रायर्डन यांची, पर्सी जॅक्सनची. तिचा पहिला भाग २००५ मध्ये आला. रायर्डन शाळेत शिकवत असत. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असल्याचे निदान झाले होते, आणि रात्री त्याला ग्रीक कथा सांगता सांगता ही गोष्ट जन्मली. नायकाला इंग्रजी अक्षरे नाचताना दिसतात, याचे कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे, अशी त्या कथेतली योजना आहे. हे अर्थातच कथेतले सत्य आहे, वैद्यकीय नव्हे, आणि पुस्तकामुळे विशेष शिक्षकाची गरज संपत नाही. पण आपल्यासारखा मुलगा नायक होऊ शकतो, हे मुलाला समजणे फार मोलाचे आहे. सुरुवातीची प्रकरणे आपण त्याला मोठ्याने वाचून दाखवावीत, किंवा ध्वनिपुस्तक लावून त्याला सोबत पानावर नजर ठेवू द्यावी.

प्रश्न : मी नववीत आहे आणि मला अशी गोष्ट मराठीत लिहायची आहे. ग्रीक देव गोव्यात येतात, अशी कल्पना आहे. मित्र म्हणतात, झ्यूस पणजीत शोभणार नाही. काय करू?
— विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : झ्यूसला तूर्त राहू दे. एवढा मोठा देव पहिल्याच गोष्टीत आणलास, तर बाकीच्या पात्रांना काही करायला उरत नाही. देवाचे काम काय आहे ते आधी पाहा आणि मग ते काम आपल्याकडे कोठे चालते ते शोध. हर्मीस हा वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव आहे. जन्मला त्याच दिवशी त्याने अपोलोच्या गाई पळवल्या आणि माग लागू नये म्हणून त्यांना उलटे चालवले. तुझ्या गावच्या शुक्रवारच्या बाजारात असा देव कोणत्या दुकानापुढे उभा राहील, हे मी तुला सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण कॅरनचे घे. तो मृतांना नदीपार नेणारा नावाडी. त्याचे भाडे म्हणून ग्रीक लोक प्रेताच्या तोंडात नाणे ठेवत. त्याला रायबंदर–चोडण फेरीबोटीवर आणून पाहा. पायी जाणाऱ्याला येथे तिकीटच नाही, हे कळल्यावर त्याची जी अवस्था होईल, तिथून तुझा विनोद सुरू होतो. दुसरा धक्का त्याहून मोठा आहे : ज्यांना तो सकाळी पलीकडे सोडतो, ते संध्याकाळी परत येतात! त्याच्या साऱ्या कारकिर्दीत असे हेराक्लीससारख्या एखाद्याच्याच बाबतीत घडले होते. यात तू कॅरनचा एकही नियम मोडलेला नाहीस, त्याचा नियम आपल्या नदीवर चालत नाही इतकेच. असे हसू टिकते. त्याला रंगीत चष्मा घालून किनाऱ्यावर बसवलेस, तर एक ओळ हसू येईल आणि पुढच्या ओळीला काय लिहावे हे सुचणार नाही.

डायोनायससबद्दल एक सूचना. तो मद्याचा देव, म्हणून प्रत्येकजण त्याला थेट काजूच्या भट्टीवर नेऊन बसवणार. तू तसे करू नकोस. तो रंगभूमीचाही देव आहे. अथेन्समध्ये वसंत ऋतूतल्या त्याच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा होत. आपल्याकडे जत्रेला गावची मंडळी महिनाभर तालमी करून रात्री नाटक बसवतात, त्या नाटकाच्या रंगपटात तो सापडेल. कोणाची मिशी सुटते आहे, कोणाला ऐनवेळी संवाद आठवत नाही, हार्मोनियमवाला अजून पोहोचलेला नाही, आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेवर एक अनोळखी पाहुणा बसून हे सगळे मोठ्या समाधानाने पाहतो आहे. तो कोण, हे लगेच सांगून टाकू नकोस. ज्यांनी त्याला ओळखले नाही किंवा मानले नाही त्यांचे काय झाले, हे पेंथियस राजाच्या ग्रीक कथेत वाच, म्हणजे त्या पाहुण्याचा अपमान करणाऱ्या नटाचे काय करायचे ते तुला ठरवता येईल.

संदर्भासाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा आणि आधी होमरचे महाकाव्य ‘ओडिसी’ मागून घे. आजच्या कादंबऱ्या वाचून कादंबरी लिहिलीस, तर दुसऱ्याने केलेले विनोदच तुझ्या हाती लागतील.

प्रश्न : ग्रीकांचे देव कशाला हवेत? आपल्याकडे नरकासुर आहे, बेताळ आहे, गावाची राखण करणारा देवचार आहे. त्यांच्यावर असे लेखन का होत नाही?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : व्हावे, असे मलाही मनापासून वाटते. अडचण एवढीच की झ्यूसच्या देवळात आज आपल्या ओळखीचे कोणी नवस बोलत नाही, तर बेताळाला आजही चामड्याच्या वहाणा वाहिल्या जातात, कारण रात्री गावाची राखण करीत फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या वहाणांचा हा तपशील कोणत्याही ग्रीक कथेच्या तोडीचा आहे आणि कथालेखकाला मोह पाडणारा आहे. पण ती दुसऱ्याची जिवंत श्रद्धा असल्याने गावात बसून, जाणत्यांकडून ऐकून, सावकाश लिहायचे ते काम आहे.

नरकासुरापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. त्याच्यावर हसण्याची मुभा परंपरेनेच दिली आहे : चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर त्याच्या प्रतिमा उभ्या राहतात, ढणढण संगीत वाजते आणि पहाटे त्या जाळल्या जातात. पुराणांप्रमाणे तो वराह आणि भूमी यांचा पुत्र आहे, म्हणजे देवाचेच मूल. वाड्यावरची मुले वर्गणी मागत फिरताना त्याच्याच दारात आली आणि आपल्या प्रतिमेसाठी त्यालाच पावती फाडावी लागली, अशी गोष्ट एखाद्या गोमंतकीय लेखकाने अवश्य लिहावी. ती विनोदी होईलच. परंतु भागवतात त्याच्या वधानंतर भूमी स्वतः कृष्णापुढे येते, अदितीची पळवलेली कुंडले परत करते आणि नातू भगदत्त याच्यासाठी अभय मागते. ही आई कथेत आली नाही, तर नरकासुर पुन्हा कागदाचाच राहील. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी दशम स्कंधातला तो अध्याय वाचावा.