शेजाऱ्याच्या पार्किंगचा सूड घ्यायचाय ना, मग गाडी सोडा आणि जागेचं बघा

प्रश्न वाचला, खालचे सगळे सल्लेही वाचले. थोडक्यात तुमचं असं आहे की शेजारचा रोज रेषेवर चाक चढवून गाडी लावतो, तुमच्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार धड उघडत नाही, तोंडाने सांगून झालं, तो हो हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तुम्हाला त्याला धडा शिकवायचाय आणि लोकांनी सुचवलंय की हवा सोडा, अंडी फोडा, कुलपात सुपरग्लू घाला, मागे आपली गाडी आडवी लावून कोंडून टाका. मी आमच्या इमारतीच्या पार्किंग कमिटीत बरीच वर्षं काढलीत, ही भांडणं अगदी जवळून बघितलीत, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, वैतागू नका.

आधी एक सांगतो, सूड घ्यायची इच्छा होणं यात काही वाईट नाही. दिवसभर राबून घरी यायचं आणि स्वतःच्या गाडीतून पोट आत ओढून तिरकं बाहेर पडायचं, डोकं फिरणारच. "जाऊ द्या हो, शेजारी आहे" म्हणणाऱ्यांच्या शेजारी असा माणूस नसतो एवढंच. पण सूड कुणावर आणि कशाने, यात सगळी गंमत आहे.

हवा सोडायचं घ्या, कारण तो सल्ला सगळ्यात जास्त लोकांनी दिलाय. अहो पण त्या माणसाने गाडी तुमच्या रेषेवर लावलीय ही तुमची तक्रार आहे ना, मग तिची हवा काढली तर ती हलणार कशी? हवा सोडलेली गाडी तिथेच राहते! आमच्याकडे एकाने रात्री जाऊन हेच केलं, ती गाडी निघाली शेजाऱ्याकडे आलेल्या पाहुण्यांची, स्टेपनी काढली तर चाकाचे नट उघडायची खास चावी कुणाला सापडेना, आणि ती गाडी या हवा सोडणाऱ्याच्याच जागेवर अर्धी घुसलेली तशीच उभी राहिली, हा बिचारा रोज रस्त्यावर जागा शोधत फिरतोय आणि तोंडातून शब्द काढता येत नाही. कुलपातल्या सुपरग्लूचंही तेच, कोंडून ठेवण्याचंही तेच. कोंडायचं म्हणजे तुमची गाडीपण ओलीस. मध्यरात्री त्यांच्या घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तुमचं आयुष्यभराचं नाव खराब. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच प्रकार.

शिवाय हवेचं प्रकरण दिसतं तेवढं गमतीचं नाहीये. पूर्ण बसलेला टायर दिसतो तरी, पण कमी झालेली हवा पटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत 2007 नंतरच्या आणि युरोपात 2014 नंतरच्या नव्या गाड्यांत हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, जुन्या गाडीत तो असेलच असं नाही. कमी हवेवर वेगात गाडी पळवली की टायरची बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि फुटू शकते. आणि गाडीत तेव्हा तो असेल की त्याची बायको मुलांना घेऊन निघालेली असेल हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला दाराचा राग आहे, एवढी किंमत त्या रागाची नाहीये.

अंड्याच्या बाबतीत म्हणाल तर अंडं उन्हात वाळलं की गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराचं, म्हणजे क्लिअर कोटचं, नुकसान करतं, नुसतं धुऊन डाग जात नाही. म्हणजे ती खोडी राहत नाही, नुकसान होतं. आणि इथेच खरी गोम आहे. चुकीचं पार्किंग म्हणजे बहुतेक ठिकाणी फार तर दंडाची पावती, पण दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान हा जवळपास कुठल्याही देशात गुन्हा. म्हणजे आज चूक त्याची आहे आणि उद्या सकाळी तुम्ही आरोपी. आणि संशयितांच्या यादीत नाव किती? एकच. तुम्हीच इमारतीच्या ग्रुपवर चार महिने त्याच्या नावाने बोंबलताय, हेतू लेखी देऊन ठेवलाय. हात दाखवून अवलक्षण. त्यात आता उभ्या गाड्याही रेकॉर्डिंग करतात, डॅशकॅमला पार्किंग मोड असतो, टेस्लात सेंट्री मोड असतो, समोरच्या दाराच्या बेलला कॅमेरा असतो. किल्लीने ओरखडा काढणारा माणूस एवढं सगळं चुकवेल असं मला तरी वाटत नाही.

हॉर्न मारून, दार आपटून, मागे उभं राहून डोळे वटारून काही होतं का? नाही. यावर चक्क अभ्यास झालाय. अमेरिकेत बॅरी रुबॅक आणि डॅनियल जुएंग यांनी 1997 मध्ये मॉलच्या पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या लोकांची वेळ मोजली. कुणी वाट बघत नसेल तर माणूस साधारण 32 सेकंदात निघायचा, कुणी जागेसाठी थांबलेलं दिसलं की 39 सेकंद, आणि थांबलेल्याने हॉर्न मारला की 43. लक्षात घ्या, ही माणसं तशीही निघालेलीच होती, त्यांना ती जागा नकोच होती, तरी कुणीतरी मागतंय म्हटल्यावर हात आखडला. तुमचा शेजारी तर तिथे रोज राहतो. त्यामुळे तुम्ही जितकं भांडाल तितकी ती रेषेवरची वीतभर जागा त्याला प्रिय होणार.

कुणीतरी त्या मर्सिडीज चिरडणाऱ्या महापौराचा व्हिडिओ टाकलाय. बघायला मजा येते हे मान्य. 2011 मध्ये लिथुआनियाच्या विल्नियस शहराचे महापौर आर्तुरास झुओकास यांनी सायकलच्या लेनमध्ये उभी असलेली मर्सिडीज चिलखती गाडीखाली घातली, त्यासाठी त्यांना त्या वर्षीचं शांततेचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं विनोदी पारितोषिकही मिळालं. पण तो व्हिडिओ ठरवून केलेला होता हो. रशियात 2010 च्या सुमारास तरुणांची एक चळवळ निघाली, चुकीच्या गाडीच्या काचेवर "मला कुणाची पर्वा नाही, वाटेल तिथे गाडी लावतो" अशा अर्थाचा भलामोठा स्टिकर चिकटवायचे. त्याचे व्हिडिओ बघा, स्टिकर लागल्यावर पुढे बऱ्याचदा काय होतं तर हाणामारी. ते लोक स्टिकर लावून घरी निघून जायचे, तुम्हाला मात्र रोज लिफ्टमध्ये त्याच माणसाचं तोंड बघायचंय.

आता कामाचं बोलू. पहिला प्रश्न, ती जागा तुमची आहे का? म्हणजे कागदावर. निम्मी भांडणं इथेच संपतात कारण लोक घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्याला आपली जागा समजतात. फाटक अडत नसेल आणि तिथे पार्किंगला मनाई नसेल तर सहसा तिथे कुणीही लावू शकतो, राग आला तरी. जागा कॉमन असेल तर नियम कमिटीचा किंवा मालकाचा. आणि जागा तुमच्या नावावर असेल तर मग तुम्ही राजे.

दुसरं, टेप घेऊन खाली जा. खरंच जा. गाड्या रुंद होत चालल्यात आणि रेषा जुन्याच आहेत. युरोपात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी 2018 मध्ये 177.8 सेंटिमीटर होती, 2023 च्या पहिल्या सहामाहीत ती 180.3 झाली, आणि यात आरसे धरलेले नाहीत. समजा जागा 240 सेंटिमीटरची आहे आणि दोन्ही गाड्या 180 च्या, दोन्ही बरोब्बर मधोमध लावल्या तरी मध्ये राहतात 60 सेंटिमीटर. त्यातला तो 30 सेंटिमीटर तुमच्याकडे सरकला की उरले 30, त्यात माणूस कसा उतरणार. हा हिशेब त्याला दाखवता येतो. "तुम्ही नेहमी चुकीची लावता" म्हटलं की तो भांडतो, "गाडी मधोमधपेक्षा 30 सेंटिमीटर माझ्याकडे आहे, तेवढी पलीकडे सरकली की माझं दार उघडतं" म्हटलं की भांडायला मुद्दाच राहत नाही.

मोजताना त्याच्या पलीकडच्या बाजूला काय आहे तेही बघा. खांब आहे का, भिंत आहे का, का पलीकडचाच त्याच्यावर सरकलाय. मला आठवतात त्या बहुतेक केसेसमध्ये माणूस माजोरडा नव्हता, पलीकडच्या खांबाला घाबरत होता किंवा घरातलं कुणीतरी वयस्कर त्या बाजूने उतरत होतं आणि दार पूर्ण उघडायला लागायचं. माजोरडेही असतात, नाही असं नाही. पण खांब असेल तर जागांची अदलाबदल, किंवा तुम्ही रिव्हर्समध्ये लावून बघा, तुमचं ड्रायव्हरचं दार दुसऱ्या बाजूला जातं आणि अर्धा प्रश्न त्याला न विचारता सुटतो. हे लोकांना पटत नाही कारण त्यात "मी का बदलू" आड येतं. ठीक आहे, नका बदलू, पुढे वाचा.

माजोरडा निघाला तर जागेची आखणी बदला. रेषा फिकट असेल तर कमिटीकडून जाड पिवळी मारून घ्या, फिकट रेषेचा फायदा नेहमी घुसणाऱ्यालाच होतो. चाक अडवणारा रबरी ठोकळा नीट बसवला तर गाडी पुढेमागे किती जाईल ते ठरतं. आणि तुमच्या जागेत, तुमच्याच जागेत, रेषेच्या आतल्या बाजूला लवचिक खुंट्या लावून घ्या, त्या प्लास्टिकच्या असतात, गाडी लागली तर वाकतात, ओरखडा फारसा पडत नाही पण मनाला टोचतं. जागा रिकामी असताना तो पूर्णच आत येत असेल तर कुलूप लावता येणारा, दुमडून आडवा पाडता येणारा खांब बसवा. परवानगी लेखी घ्या, नाहीतर तोच तुमच्याविरुद्ध अर्ज करेल. कुंड्या, तुटक्या खुर्च्या, विटा असलं काही ठेवू नका, कचरा टाकलाय अशी तक्रार होते आणि तुम्ही हरता.

आता तुम्हाला जो खरा सूड हवाय तो सांगतो. आमच्याकडे एक जण होते, नवीकोरी मोठी गाडी, रोज दोन जागांच्या मधोमध, का तर शेजारच्याचं दार लागू नये. शेजारी राहणाऱ्या काकू शांत बाई. त्यांनी वाद घातला नाही, कमिटीला अर्ज देऊन आपली जागा खालच्या मजल्यावरच्या एका मुलाशी बदलून घेतली. त्या मुलाकडे एक खटारा होता, चारी बाजूंनी पोचे आलेला, एक दार दोरीने बांधलेलं, आणि पोरगा रात्री उशिरा येऊन घाईत लावणारा. नियमाने बघाल तर तो रोज रेषेच्या आतच. पण पाच-सहा सेंटिमीटर आत, बस. नव्या गाडीचे मालक दोनतीन दिवस त्याला "जरा लांब लाव रे" सांगत होते, तो "काका मी रेषेच्या आत आहे बघा" म्हणायचा, आणि ते खरंच होतं. आठवडाभरात नवी गाडी आपणहून पलीकडच्या भिंतीला चिकटायला लागली. कुणी कुणाला शिवी दिली नाही, कशाला ओरखडा नाही, तक्रार करायची तर कशाची करणार? एक मात्र लक्षात ठेवा, हे ज्याला स्वतःच्या गाडीची काळजी नाही त्यालाच जमतं. तुमची गाडी नवी असेल तर रेषेला चिकटून लावायचा हट्ट करू नका, त्याचं दार तुमच्याच दारावर आपटणार.

आणि हे सगळं चालू असताना तक्रारीचे कागद बनवत राहा, फार रंगत नसलेलं काम आहे पण शेवटी तेच कामाला येतं. फोटो एकाच कोनातून, त्यात रेषा, चाक आणि नंबरप्लेट तिन्ही दिसायला हवेत, तारीख वेळ असावी. ग्रुपवर टाकायचे नाहीत, मोह झाला तरी. तिथे टाकलं की विषय गाडीवरून "यांनी माझी बदनामी केली" वर जातो आणि सगळे त्याची समजूत काढत बसतात. चिठ्ठी ठेवायची तर खाली स्वतःचं नाव आणि घर नंबर लिहा, निनावी चिठ्ठीने माणूस सगळ्या इमारतीवर संशय घेतो आणि अजून हट्टाला पेटतो. गाडी येण्याजाण्याच्या मुख्य वाटेत घुसत असेल तर "मला त्रास होतो" असं लिहूच नका, "आगीच्या बंबाची वाट अडते" लिहा, अर्थात खरंच अडत असेल तरच. ब्रिटनमधल्या इमारतींच्या मार्गदर्शक नियमांत बंबासाठी रस्ता किमान 3.7 मीटर आणि फाटक 3.1 मीटर रुंद लागतं, तुमच्याकडचा आकडा तुमच्या अग्निशमन विभागाकडून मिळेल. तो आकडा आणि टेप लावलेला फोटो अर्जाला जोडला की जी कमिटी "आपसात मिटवा" म्हणत होती तीच धावत येते, कारण उद्या काही झालं तर सही त्यांची असते.

तर आता असं करा, जागा नावावर आहे की कॉमन, त्याच्या पलीकडे खांब आहे का, दोन्ही गाड्यांची रुंदी किती आणि त्याचं चाक रेषेच्या किती सेंटिमीटर आत येतं एवढं मोजून सांगा, म्हणजे खुंट्या लावायच्या की अदलाबदल ते ठरवता येईल. आणि इमारतीत कुणाकडे खटारा आहे का तेही बघून ठेवा.