निळा माचा पहिल्यांदाच आणलाय. कसा लागतो, कसा करायचा?

पाकिटावर माचा लिहिलेलं असलं तरी हा चहा नव्हेच. खरा माचा हिरवा असतो, जपानात सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची पूड. तुमची निळी पूड म्हणजे आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाची वाळवून दळलेली फुलं. त्यात कॅफीन नसतं, म्हणून सकाळच्या चहाची तरतरी यातून मिळणार नाही.

चव अगदी सौम्य, किंचित मटारच्या सालासारखी. मी पूड थेट दुधात टाकली होती, गुठळ्याच गुठळ्या झाल्या. आधी पाव चमचा पूड दोन चमचे कोमट पाण्यात नीट घोटा, मग कपभर गरम पाणी किंवा दूध ओता. साखरेपेक्षा मध मला जास्त आवडला.

पहिल्यांदा मात्र दुधाशिवायच करा आणि शेवटी लिंबू पिळा. निळा रंग डोळ्यांदेखत जांभळा होतो! फुलातली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आम्ल मिळालं की रंग बदलतात. थायलंडमध्ये या फुलाला अंचन म्हणतात आणि त्याचं लिंबू घातलेलं गार सरबत आवडीनं पितात.

दारात निळी गोकर्ण असेल तर पाच-सहा फुलं धुऊन गरम पाण्यात टाका, तोच रंग उतरतो.