जाळे टाकले नाही, तरी मासे लहानच

प्रश्न : आमच्या तळ्यात तिलापिया आहे. मोठी व्हावी म्हणून तीन वर्षे जाळेच टाकले नाही. आता पाण्यात मासेच मासे, पण तळहातापेक्षा मोठा एकही नाही. सोडलेले बीज (माशांची पिल्ले) खराब निघाले का?

उत्तर : बिजाला बोल लावू नका. जाळे टाकले नाहीत, तिथेच घोटाळा झाला.

अर्धपोटी गाय वर्षभरात आडवी होते. मासा होत नाही. शरीर उबदार ठेवण्याचा खर्च त्याला नसतो, म्हणून थोड्याशा खाण्यावर तो जगतो, फक्त वाढायचा थांबतो. त्यात तिलापिया दोन-तीन महिन्यांत वयात येते. एकदा अशाच तळ्यात मी ओढजाळे ओढले, तर चार बोटांएवढ्या माशांचा ढीग आला. पिल्ले समजून परत सोडणार होतो. एकीचे तोंड उघडून पाहिले तर आत अंडी! तिलापियाची मादी अंडी तोंडातच उबवते, त्यामुळे पिल्ले वाचतात फार.

तळ्यातले अन्न मात्र वाढत नाही. समजा ते १०० किलो मासा पोसते. मग अर्ध्या किलोचे २०० घ्या, नाहीतर २० ग्रॅमचे ५,०००. तुम्ही नकळत दुसरा पर्याय निवडलात.

आता बारीक आसाचे (छिद्रांचे) जाळे घ्या आणि लहान मासे काढा. निम्म्याहून जास्त काढा, हात आखडू नका. बहुतेक जण नेमके उलटे करतात : मोठा काढतात, लहान ‘वाढेल’ म्हणून सोडतात. यात गर्दी तशीच राहते आणि पैदाशीला खुरटेच उरतात. २००२ मध्ये अमेरिकेत एका छोट्या समुद्री माशावर प्रयोग झाला. दर पिढीत सर्वांत मोठे ९० टक्के काढले. चार पिढ्यांत माशांचे सरासरी वजन घटले.

उरलेले वाढतील का? नर वाढतील. कार्प (रोहू, कटला असे मासे) पाळणारे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मुद्दाम दाटीत, अर्धपोटी ठेवतात. मोकळ्या तळ्यात सोडली की ती झपाट्याने भरते. तिलापियाच्या माद्यांवर मात्र भिस्त ठेवू नका, त्यांचे खाणे अंड्यांत जाते. पिल्ले खायला थोडी मरळ सोडा, पण ती शिल्लक माशांपेक्षा लहान हवी. पुढच्या वेळी फक्त नरांचे बीज आणा.

पहिल्या ओढीनंतर वीस मासे तोलून ठेवा. महिन्याने पुन्हा वीस तोला. वजन हलले नसेल तर आणखी एक ओढ घ्या.