अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षातले अपडेट आणि वर्दीचे आकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नियंत्रण कक्षातल्या वर्दी (आगीची किंवा मदतीची आलेली खबर) नोंदवण्याच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली आहे. कक्ष चोवीस तास चालतो. अपडेट कधी आणि कसे बसवावे?

उत्तर : तारीख ठरवण्याआधी कंपनीला लेखी विचारा, की या आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलते का? बदलत असेल, तर नवी आवृत्ती काढून जुनी बसवणे पुरेसे ठरत नाही, कारण बदललेला डेटाबेस जुनी आवृत्ती वाचू शकत नाही. मग माघारीचा एकच रस्ता उरतो. आधी घेतलेला बॅकअप चढवायचा आणि त्यानंतर आलेल्या वर्द्या कागदावरून पुन्हा भरायच्या. म्हणून अपडेटच्या काळात प्रत्येक वर्दी अनुक्रमांक छापलेल्या फॉर्मवरही लिहिली गेलीच पाहिजे.

बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नका. तो दुसऱ्या संगणकावर चढवा, शेवटची वर्दी उघडून बघा, एकूण नोंदींची संख्या जुळवा. फाइल तयार झाली पण उघडत नाही, हे नेमके गरजेच्या वेळी कळणे फार महागात पडते.

त्यानंतर नवी आवृत्ती एका वेगळ्या टर्मिनलवर किमान आठवडाभर चालवा. चाचणीला साध्या वर्द्या नकोत, अवघड निवडा. एकाच नावाचे दोन रस्ते असलेला पत्ता, पत्ता नसलेली महामार्गावरची जागा, एकाच आगीसाठी आलेले पाच फोन, मध्यरात्र ओलांडणारी वर्दी आणि अर्ध्या वाटेतून दुसरीकडे वळवलेली गाडी. चुका बहुधा इथेच सापडतात.

वेळ निवडताना मागच्या १२ महिन्यांतल्या वर्द्या तासांप्रमाणे मोजा. सर्वांत शांत तास बहुतेकदा पहाटेचा निघतो, पण तेव्हा कक्षात एकच माणूस असेल आणि कंपनीचा तंत्रज्ञ फोन उचलणार नसेल, तर तो तास कामाचा नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा, तुलनेने कमी वर्द्यांचा तास बरा. सुट्टीचा आदला दिवस टाळा. त्या पाळीला एक माणूस जादा ठेवा, गाड्यांची स्थिती फळ्यावर मांडा आणि सर्व केंद्रांना वायरलेसवरून आधी कळवा. माघारीची मर्यादाही आधीच ठरवा, उदाहरणार्थ, ४५ मिनिटांत प्रणाली सुरू झाली नाही तर परत जुनीवर. ऐन गोंधळात हा निर्णय कोणी घेत नाही. ‘अजून पाच मिनिटे’ करत दोन तास जातात.

प्रणाली सुरू झाली की एक चाचणी वर्दी शेवटपर्यंत पाठवा. केंद्रातली घंटा वाजली का, प्रिंटरवर कागद आला का, गाडीतल्या टॅबलेटवर पत्ता दिसला का, हे प्रत्येक केंद्राकडून तोंडी ऐकून घ्या. कक्षातला पडदा नीट दिसतो आणि केंद्रातली घंटा मात्र गप्प, असे होऊ शकते. अपडेटमध्ये फायरवॉलचा (नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम किंवा प्रणाली ज्या खात्यातून चालते त्याची परवानगी मूळपदावर गेली, की हा दुवा तुटतो.

पुढचे तीन-चार आठवडे सर्व्हरची मेमरी रोज एका ठरावीक वेळी नोंदवा. हे सांगण्यामागे कारण आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत पूर्णपणे संगणकावर आधारलेली प्रणाली सुरू झाली आणि लगेच कोलमडू लागली. पुढे ४ नोव्हेंबरला ती साफ बंद पडली, पर्यायी सर्व्हरही मदतीला आला नाही. चौकशीत आढळले, की काही आठवड्यांपूर्वी केलेल्या एका बदलात प्रोग्रॅमचा एक तुकडा राहून गेला होता. गाडी पाठवली जाई तेव्हा तो सर्व्हरची थोडी मेमरी अडवे आणि मोकळी करत नसे. अशी चूक एका दिवसाच्या चाचणीत दिसत नाही. मेमरीचा आलेख रोज थोडा वर चढताना दिसला, तर कंपनीला कळवा आणि पर्यायी सर्व्हरवर जाण्याचा सराव त्याच आठवड्यात करा.

प्रश्न : बंबातला लॅपटॉप वर्दीवर जाताना आपोआप रीस्टार्ट झाला. अपडेट कायमचे बंद करून टाकावे का?

उत्तर : नाही. जुन्या त्रुटी उघड्या ठेवलेला संगणक वायरलेस नेटवर्कवर फिरवणे हा मोठा धोका आहे. बंद करायचे आहे ते आपोआप होणारे रीस्टार्ट. विंडोजमधले ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’, म्हणजे आपोआप रीस्टार्ट न होण्याचे तास, जास्तीत जास्त १८ तासांचेच ठेवता येतात, म्हणजे रोज सहा तास यंत्र रीस्टार्टला मोकळे राहते. चोवीस तासांच्या सेवेला ही सोय अपुरी आहे. कोणी लॉग-इन असताना रीस्टार्ट होऊ नये अशी सेटिंग ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या यंत्रांना एकदम नियम लावण्याच्या विंडोजच्या सोयीतून) लावा आणि पाळी बदलताना, गाडी केंद्रात उभी असताना, चार्जर लावून अपडेट हाताने बसवा. आधी एका राखीव गाडीवर, चार-पाच दिवसांनी बाकीच्यांवर. नकाशांच्या फाइल केंद्राच्या वाय-फायवरच उतरवाव्यात.

विषाणूरोधक सॉफ्टवेअरची वाट वेगळी असते, ते विंडोजच्या सेटिंगला न जुमानता स्वतःचे अपडेट आणते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. अमेरिकेतल्या काही राज्यांत आपत्कालीन फोन घेणाऱ्या केंद्रांनाही त्याचा फटका बसला. तुमच्या सॉफ्टवेअरचे अपडेट टप्प्याटप्प्याने घेता येतात का, ते पुरवठादाराला विचारा. नियंत्रण कक्षातली सगळी यंत्रे एकाच टप्प्यात ठेवू नका.

प्रश्न : आमचा सरासरी प्रतिसाद वेळ सहा मिनिटे निघतो, तरी नागरिक गाडी उशिरा आल्याचे सांगतात. काही नोंदींत तर वेळ उणे दिसते. आकडे चुकीचे आहेत का?

उत्तर : सहा मिनिटे बरोबर असू शकतात आणि नागरिकही खरे बोलत असू शकतात. दहा वर्द्यांचे वेळ मिनिटांत असे धरा : ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, १२, १४. बेरीज ६०, सरासरी ६. पण क्रमाने लावलेल्या यादीतला नववा आकडा १२ आहे, म्हणजे दहापैकी नऊ वर्द्यांना गाडी पोहोचली असे म्हणायला १२ मिनिटे लागतात. दलाने हाच आकडा बघावा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे १७१० हे मानकही सरासरी मोजत नाही. आगीच्या वर्दीला जवान निघण्यासाठी ८० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासासाठी २४० सेकंद ही उद्दिष्टे ते ९० टक्के वर्द्यांसाठी ठेवते.

फोन घेणे, जवान निघणे आणि प्रवास हे तिन्ही वेळ वेगवेगळे ठेवा, नाहीतर उशीर नेमका कुठे होतो ते कळणार नाही. मात्र तिन्हींचे ९० टक्क्यांचे आकडे एकमेकांत मिळवून एकूण वेळ काढू नका. निघायला उशीर झालेली वर्दी आणि वाटेत अडकलेली वर्दी एकच असेल असे नाही. एकूण वेळ प्रत्येक वर्दीचा काढा आणि मग त्या यादीतला ९० टक्क्यांचा आकडा बघा.

उणे वेळेची दोन नेहमीची कारणे आहेत. तारीख न लिहिता फक्त वेळ साठवली असेल, तर २३:५८ ला निघून ००:०५ ला पोहोचलेली गाडी निघण्याआधीच पोहोचलेली दिसते. एक्सेलमध्ये अशा खणात नुसती हॅशची चिन्हे येतात. उपाय सरळ आहे, तारीख आणि वेळ एकाच रकान्यात साठवा. दुसरे कारण घड्याळांचे. वर्दी सर्व्हरच्या घड्याळावर नोंदली जाते आणि ‘पोहोचलो’ टॅबलेटच्या. दोन्हींत ९० सेकंदांचा फरक असला, तर ८० सेकंदांचे उद्दिष्ट मोजणेच व्यर्थ. सर्व यंत्रे एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) एकाच स्रोताला जोडा आणि दर आठवड्याला फरक तपासा. जीपीएसची मूळ वेळ सध्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर ही दुरुस्ती स्वतः करतात, पण एखादे जुने यंत्र करत नसेल तर नेमका एवढाच फरक सतत दिसेल.

राहिले ‘पोहोचलो’चे बटण. घटनास्थळी अधिकारी आधी परिस्थिती बघणार, होज अंथरायला सांगणार, मगच बटणाकडे वळणार, आणि तेच योग्य आहे. गाडी पत्त्यापासून १०० मीटरच्या आत आली की जीपीएसवरून आपोआप नोंद होईल अशी सोय करा, पण ती बटणाच्या नोंदीवर चढवू नका. दोन्ही वेगळ्या रकान्यांत राहू द्या. शून्य, उणे किंवा रिकामे वेळ हिशेबातून बाजूला काढले, तर किती काढले ते अहवालात छापा. गुपचूप गाळलेल्या नोंदींमुळे पूर्ण अहवालावरचा विश्वास जातो.

प्रश्न : नव्या प्रणालीत घटनांचे कोड बदलले. मागच्या वर्षांशी तुलना कशी करावी?

उत्तर : जुना कोड, नवा कोड आणि लागू झाल्याची तारीख असा तीन रकान्यांचा तक्ता करा आणि तो कोणा एकाच्या संगणकावर न ठेवता डेटाबेसमध्येच ठेवा. जुना एक कोड तीन नव्यांत फुटला असेल, तर जुन्या नोंदी अंदाजाने वाटू नका. तुलनेपुरते नवे तीन कोड एकत्र करा. पहिल्या महिन्यात ‘इतर’ या कोडचे प्रमाण दर आठवड्याला बघा. ते एकदम वाढले, तर जवानांना योग्य कोड यादीत सापडत नाही असे समजा. दोष यादीच्या मांडणीत असतो, भरणाऱ्यांत नव्हे.

प्रश्न : हायड्रंटची (बंबासाठी पाणी घेण्याच्या रस्त्यावरच्या नळांची) यादी नकाशावर चढवली, पण काही ठिपके समुद्रात गेले.

उत्तर : सगळे एकाच जागी, आफ्रिकेच्या पश्चिमेच्या समुद्रात असतील, तर ते रकाने रिकामे आहेत, शून्य अक्षांश-शून्य रेखांश तिथेच येते. भलत्याच देशात गेले असतील, तर अक्षांश आणि रेखांश उलटे भरले आहेत. आणि ठिपका काही किलोमीटर सरकला असेल, तर अंश-मिनिटे दशांश समजून भरली गेली. ३० मिनिटे म्हणजे ०.५ अंश, ०.३० नव्हे. दशांशानंतर पाच अंक ठेवा, त्यात साधारण एक मीटरपर्यंत जागा कळते. तीनच ठेवले तर शंभर मीटरपर्यंतची चूक पोटात राहते आणि रात्री धुरात हायड्रंट शोधायला ती पुरेशी आहे. यादी एक्सेलमध्ये उघडण्याआधी क्रमांकांचे रकाने ‘मजकूर’ करा. नाहीतर ००७ चे ७ होते आणि ३-४ हा क्रमांक तारीख बनतो. दुरुस्तीनंतर वीस हायड्रंट निवडून गाडीच्या टॅबलेटसह प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून पहा.